लाश्वाच्या खोऱ्यात बाबांसोबत: बोस्नियातले पाच दिवस

परत येऊन तीन आठवडे झाले, फोटो अजून लावले नाहीयेत, पण बाबा गावी जाऊन प्रत्येकाला अर्धंमुर्धं काहीतरी सांगतायत आणि मग मला मेसेज येतात की तुम्ही नक्की गेला होतात कुठे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी श्टुटगार्टला असते. बाबा एसटीतून रिटायर, खेड डेपो, सगळी नोकरी घाटात गाडी चालवण्यात गेली. सप्टेंबरात माझ्याकडे आले होते, तर पॅरिस-बिरिस काही नको म्हणाले, "डोंगर असतील तिथं ने". माझ्या ऑफिसात एक जण आहे, मूळची बोस्नियाच्या व्हितेझ गावची, लहानपणी युद्धात आईबरोबर जर्मनीत आली. तिला म्हटलं आम्ही सारायेवो आणि त्राव्निक करतोय. म्हणाली, छान, त्राव्निकच्या रस्त्यावर अहमिची लागतं, तिथे उतर जरा. एवढंच. मग घरी येऊन मी अहमिचीत युद्धात झालेल्या हत्याकांडाबद्दल वाचत बसले आणि रात्री दोन वाजले.

दिवस पहिला: सारायेवो

विमान वेळेवर, हॉटेल बरं, पाऊस मात्र असा की बाबांना खेडचा जुलै आठवला. संध्याकाळी थोडं उघडल्यावर बाश्चार्शियात गेलो, म्हणजे जुनी बाजारपेठ, तांबटांची गल्ली, हातोडीचा ठकठक आवाज, मधोमध तो लाकडी पाणवठा आणि त्याच्याभोवती कबुतरं. बाबांनी पहिल्या तासाभरात शोध लावला की इथे साबणाला 'सापुन' म्हणतात, साखरेला 'शेचेर', पेटीला 'सांदुक' आणि दुश्मनाला दुश्मनच. तुर्कांबरोबर आलेले शब्द, आपल्याकडे दुश्मन आणि संदूक फारसीतून आलेले. त्यानंतर ते दिसेल त्या दुकानदाराला "सापुन?" विचारत होते, लोक बिचारे खरंच साबण दाखवत होते.

खाण्याचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. बुरेक म्हणजे फक्त खिम्याचा. चीजचा हवा असेल तर सिर्नित्सा, पालकाचा झेल्यानित्सा, बटाट्याचा क्रोम्पिरुशा. 'व्हेज बुरेक' मागितलात तर दुकानातली बाई असं बघते की विचारू नका. शाकाहारी मंडळींनी 'बेझ मेसा' (मांसाशिवाय) हे दोन शब्द पाठच करून जावेत, कारण घेवड्याच्या साध्या उसळीतही धुरावलेल्या मांसाचा तुकडा असू शकतो. बाबांचा शनिवार असल्याने आमचा पहिला दिवस बटाट्यावर गेला.

दिवस दुसरा: बोगदा

सारायेवोला एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ असा वेढा पडला होता. फुटपाथवर तोफगोळ्यांचे खड्डे लाल राळेने भरून ठेवलेत, त्यांना 'सारायेवोचे गुलाब' म्हणतात. विमानतळाच्या धावपट्टीखालून लोकांनी १९९३ मध्ये साधारण ८०० मीटरचा बोगदा खणला आणि त्यातून धान्य, औषधं, माणसं, शस्त्रं सगळं आणलं-नेलं. आता थोडासाच तुकडा बघायला उघडा आहे. बाबा वाकून आत गेले, बाहेर येऊन कमरेला हात लावून म्हणाले, "आणि हे डोक्यावर पोतं घेऊन?"

तिथे विमानतळ यूएनच्या ताब्यात होता वगैरे वाचताना मी त्यांना सांगितलं की यूएनच्या त्या शांतिसेनेचे पहिले फोर्स कमांडर भारतीय होते, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. आमचे काका बेळगावला मराठा सेंटरला होते, त्यामुळे बाबा एकदम ताठ झाले. "आपल्या मराठाचे?" मार्च १९९२ ते मार्च १९९३ म्हटल्यावर लगेच बोटांवर मोजायला लागले, कारण मी त्यांना अहमिचीची तारीख आधीच सांगितली होती, १६ एप्रिल १९९३. "म्हणजे ते गेले आणि महिन्यात हे झालं." हो म्हटलं, पण ते असते तरी काय करू शकले असते कोण जाणे, शांतिसेनेच्या हातात फारसं काही नव्हतंच.

एक महत्त्वाची सूचना: बोस्निया ईयूमध्ये नाही, त्यामुळे जर्मन सिमचं फ्री रोमिंग इथे चालत नाही. मी विसरले आणि दीड दिवस मॅप वापरला. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, बाबा वाचतात हे. तसंच बोस्निया शेंगेनमध्येही नाही, त्यामुळे आईवडील तुमच्याकडे सिंगल एन्ट्री व्हिसावर आले असतील तर इथे येऊन परत आत जाता येणार नाही. मल्टिपल एन्ट्री हवा, आणि बोस्नियाचे स्वतःचे नियम जायच्या आधी दूतावासाच्या साइटवर बघाच.

दिवस तिसरा: त्राव्निक

सकाळची बस, दोन तासांच्या आसपास. डिकीत बॅग टाकली की त्याचे वेगळे पैसे, सुटी मार्क नाणी जवळ ठेवा (दोन मार्क म्हणजे अंदाजे एक युरो). बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, अर्थातच. वळणावर तो कोणता गिअर टाकतो ते बघत होते आणि एकदा तर "बरोबर" असं मोठ्याने म्हणाले.

हायवे सोडला की लाश्वा नदीचं खोरं लागतं. बुसोवाचा, मग व्हितेझ, मग त्राव्निक. दोन्ही बाजूंना उतरते डोंगर, गवताच्या गंजी, आणि गावं ओळखायची खूण अशी की इथे मिनार, पुढे चर्चचा मनोरा, परत मिनार. काही ठिकाणी दोन्ही एकाच फ्रेममध्ये. डावीकडे-उजवीकडे मान हलवत बाबा म्हणाले, "आपल्याकडच्यासारखंच आहे, मोहल्ला, वाडी, मोहल्ला."

त्राव्निक मला फार आवडलं. दीडशे वर्षं ही तुर्की वजिरांची राजधानी होती. वर किल्ला, खाली रंगीत मशीद जिच्या तळमजल्यावर चक्क बाजार आहे, आणि गावातच डोंगरातून फुटणारा प्लावा व्होदा नावाचा झरा. झऱ्याकाठी बसून चेवापी खाल्ले, म्हणजे खिम्याची बोटाएवढी कबाबं, गरम पावात, सोबत कच्चा कांदा. बाबांनी कांदा तीनदा मागवला. व्लाशिच डोंगरावरचं मेंढीचं पांढरं चीज पण घ्याच, खारट असतं, भाकरीबरोबर काय लागलं असतं.

किल्ल्यावरून खाली येताना एक शाळा लागली. एकच इमारत, मधून दोन भाग, दोघांचे रंग वेगळे, मध्ये कुंपण. एका बाजूला क्रोएट मुलं, म्हणजे कॅथलिक, दुसरीकडे बोस्नियाक, म्हणजे इथले मुसलमान. 'एका छपराखाली दोन शाळा' असा शब्दच आहे इथे, या भागात अशा बऱ्याच आहेत. जवळच्या यायत्से गावात पोरांनीच मोर्चे काढले की आम्हाला वेगळं करू नका, आणि तिथे नवीन वेगळी शाळा काढायचा बेत थांबला, २०१७ च्या सुमाराची गोष्ट. पोरं शहाणी निघाली.

दिवस चौथा: अहमिची

आता हे नीट लिहायचा प्रयत्न करते.

त्राव्निकहून व्हितेझ, आणि व्हितेझपासून सारायेवोच्या दिशेने चार-पाच किलोमीटरवर मुख्य रस्त्याला लागून अहमिची. ड्रायव्हरला सांगितलं की उतरवतो. उतरलो तेव्हा काहीच वेगळं वाटलं नाही, ट्रकची रहदारी, रस्त्याकडेला दुकानं, आणि वर चढत जाणारा एक छोटा रस्ता. वरचं अहमिची, खालचं अहमिची, शेजारी शांतिची, पिरिची, नादिओत्सी, म्हणजे वाड्याच सगळ्या. हवा स्वच्छ, थंड ऊन, झाडांवर निळेजांभळे प्लम इतके की फांद्यांना टेकू दिलेले. आणि सगळीकडे भाजलेल्या मिरच्यांचा वास, कारण सप्टेंबरात घरोघरी आयवार, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, करतात.

खालची मशीद रस्त्यापासून जवळच आहे. पांढरा मिनार. युद्धातला तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल, मिनार मुळापासून मोडून मशिदीच्या छपरावर आडवा पडलाय, तीच ही मशीद, आता पुन्हा बांधलेली. गावकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढून बांधली होती आणि तिच्या रूपाचा त्यांना फार अभिमान होता, असं हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निकालात लिहिलंय. कुठे सुरुंग लावला की मिनार आडवा होईल हे नीट माहीत असलेल्यांनी तो पाडला.

थोडक्यात काय झालं ते. १९९२ मध्ये सर्बांविरुद्ध बोस्नियाक आणि बोस्नियातले क्रोएट एका बाजूला होते. १९९३ च्या जानेवारीत व्हान्स-ओवेन शांतता आराखडा आला, त्यात बोस्नियाचे दहा प्रांत, आणि हा भाग क्रोएटांच्या वाट्याचा. सह्या सगळ्यांच्या व्हायच्या होत्या तरी एचव्हीओने, म्हणजे क्रोएटांच्या सेनेने, बोस्नियाक फौजांना सांगितलं की आमच्या हुकमाखाली या, १५ एप्रिलपर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, नमाजाच्या वेळेस, या खोऱ्यात एकदम हल्ले सुरू झाले. अहमिचीत लष्करी पोलीस आणि त्यांची 'जोकर' नावाची तुकडी होती, ते इथून जवळच नादिओत्सीतल्या 'बंगलो' नावाच्या जागी राहायचे. पाच-दहा जणांच्या टोळ्या घरोघर गेल्या. पुरुषांना दारात गोळ्या, मग घर पेटवायचं. खालच्या शेतातून पळणाऱ्यांवर नेम धरून गोळ्या, त्या एका शेतातच वीसेक जण गेले. एकूण ११६ माणसं, त्यात ३२ बायका आणि ११ मुलं. सगळ्यात लहान तीन महिन्यांचं.

मुसलमानांच्या साधारण २०० घरांपैकी १८० जळली असं यूएनच्या अहवालात आहे. क्रोएटांची घरं जशीच्या तशी. तिथल्या क्रोएटांना आदल्या दिवशीच सूचना होती, बरेच जण बायकापोरं घेऊन निघूनही गेले होते.

बाबांचं सगळं अडकलं ते इथे. मशिदीशेजारच्या स्मारकावर नावं कोरलेली आहेत, एकाखाली एक तेच आडनाव, परत तेच, मग दुसरं सुरू. बाबा बोट ठेवून मोजत होते, एका आडनावाचे मोजून झाले की परत पहिल्यापासून. मी लांब उभी राहिले. मग ते वळून म्हणाले, "अगो, पण शेजारच्याने रात्री काहीच सांगितलं नाय? निदान पोरं तरी बाहेर काढा म्हणून?"

मला काय माहीत. मी म्हटलं चला वर जाऊ.

वर एका अंगणात एक आजी पत्र्याच्या चुलीवर लाल मिरच्या भाजत होती. ढोबळी नाही, तिच्यापेक्षा लांबट. आम्हाला बघून तिने हातानेच बोलावलं आणि काही विचारायच्या आत खुर्च्या पुसल्या. भाषेची बोंब, पण पाच मिनिटांत कुंपणापलीकडून एक काका आले, म्युनिकला पंचवीस वर्षं बांधकामावर होते, त्यामुळे जर्मन फर्डी. तेव्हा मी जर्मनीतच होतो, हे त्यांनी आम्ही न विचारता पहिल्या मिनिटात सांगितलं. आजी तेव्हा इथे होती. ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही आणि मी विचारलं नाही. काळी पडलेली मिरची उचलायची, साल सोलून लाल गर वाडग्यात टाकायचा, बोटं भाजतात म्हणून मध्येच पाण्यात बुडवायची. बाबा बघत बसले आणि मग सरळ सरसावून सोलायलाच लागले. वांग्याचं भरीत करणारा माणूस, हात बरोबर बसला. आजी हसली.

कॉफी आली. तांब्याच्या जेझवेतून, बिनदांड्याच्या छोट्या कपात, साखरेचा खडा कॉफीत बुडवून जिभेखाली ठेवायचा आणि वरून घोट. बाबांनी आपल्या गावचं सांगायला सुरुवात केली, मी जर्मन, काका बोस्नियन, अशी साखळी. आमच्या घराला लागून पऱ्या, पऱ्यापलीकडे मोहल्ला, ईदला तिकडून शिरखुर्म्याचा डबा येतो, गणपतीत तोच डबा मोदक घालून परत जातो. आजी मान डोलावत होती. 'कोमशिया' हा शब्द कळला मला, म्हणजे शेजारी. मग बाबांनी तो प्रश्न विचारलाच. मी भाषांतर करू का नको म्हणून थांबले, तर बाबा म्हणाले, विचार.

काकांनी तो आजीला सांगितलाच नाही. अंगणातून हात करून मला घरं दाखवायला लागले, जर्मनमध्ये, अगदी हळू आवाजात. हे जळलं. हे जळलं. ते नाही. ते, ते आणि ते मागचं जळलं. ते नाही. ते नवीन बांधलंय, जुनं जळलं. 'नाही' म्हटलेल्या एका घराच्या गच्चीत एक माणूस कपडे वाळत घालत होता, आमच्याकडे बघून त्याने हात वर केला, काकांनीही केला. मी विचारलं, बोलता तुम्ही एकमेकांशी? म्हणाले, "रोज 'डोबर दान' म्हणतो. तुझ्या वडिलांनी विचारलं ते मी त्याला कधी विचारलेलं नाही."

निघताना आजीने आयवारची बाटली हातात दिली, कसल्या तरी मोहरीच्या चटणीची जुनी काचेची बाटली, झाकण अजून कोमट.

कोर्टाचं परतीच्या बसमध्ये बाबांना सांगितलं, ते इथेही लिहिते कारण लोक विचारतात शिक्षा झाली का. २२ एप्रिलला ब्रिटिश तुकडी गावात शिरली, कर्नल बॉब स्टुअर्ट यांची, सोबत टीव्ही कॅमेरा, म्हणून जगाला कळलं. एचव्हीओकडून आधी 'सर्बांनी केलं', 'मुसलमानांनी स्वतःच केलं' असंही म्हणून झालं. हेगच्या न्यायालयाने राजकीय नेता दारियो कोर्दिचला २५ वर्षं दिली. सेनाधिकारी तिहोमिर ब्लाश्किचला २००० साली ४५ वर्षं, पण क्रोएशियाने दडवलेली कागदपत्रं तिथले राष्ट्राध्यक्ष तुजमान यांच्या मृत्यूनंतर बाहेर आली आणि २००४ च्या अपिलात ती ९ झाली, अहमिचीची जबाबदारी त्याच्यावरून उठली. 'जोकर'पैकी मिरोस्लाव ब्रालोने गुन्हे कबूल केले, २० वर्षं. आणि गावातलेच, एकमेकांचे नातलग असलेले तिघे, आधी दोषी, मग २००१ च्या अपिलात सुटले कारण ओळख पटवणारी साक्ष टिकली नाही. कोर्दिच २०१४ ला सुटून झाग्रेब विमानतळावर उतरला तर लोक स्वागताला. बाबांनी यावर जो शब्द वापरला तो डेपोतला आहे.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. व्हितेझजवळच क्रिझान्चेवो सेलो आहे, तिथे डिसेंबर १९९३ मध्ये बोस्नियाक सेनेने क्रोएटांना मारलं. क्रोएशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इवो योसिपोविच २०१० च्या एप्रिलमध्ये अहमिचीला आले तेव्हा तिथेही गेले. दोन्हीकडे डोकं झुकवलं. मला हे बरं वाटलं, आमच्या ऑफिसातलीला विचारलं तर म्हणाली, हं.

जाणाऱ्यांसाठी: तिकीट-बिकीट, गाइड काही नाही, हे पर्यटनस्थळ नव्हे, लोक राहतात. घरांचे फोटो काढू नका. मशिदीत जायचं तर डोक्याला ओढणी. १६ एप्रिलला दरवर्षी श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. मारल्या गेलेल्यांपैकी अनेकांच्या कबरी गावात नाहीत, स्तारी व्हितेझमध्ये आहेत. रविवारी बस कमी असतात. आणि संपूर्ण बोस्नियातच डोंगरात पायवाट सोडून शिरू नका, कवटीचं चित्र आणि 'मिने' लिहिलेली पाटी दिसली तर मागे फिरा, भूसुरुंग अजून आहेत.

दिवस पाचवा: मोस्तारची रेल्वे

सारायेवोहून सकाळची गाडी, दोन तास, आणि मी आतापर्यंत केलेल्या प्रवासांत पहिल्या तिनात. खिंड ओलांडली की गाडी वळसे घेत खाली कोन्यित्सला उतरते, बोगदा, पूल, बोगदा, आणि मग नेरेत्वा नदी, हिरवी म्हणजे अगदी बाटलीच्या काचेसारखी. बाबा उभेच होते.

कोन्यित्स स्टेशनवर मी त्यांना सांगावं की नको असं झालं, पण सांगितलं. वर डोंगरात त्रुसिना नावाचं गाव आहे. तेही मिश्र. १६ एप्रिल १९९३, तीच तारीख. तिथे बोस्नियाक सैनिकांनी २२ क्रोएट मारले, १८ गावकरी आणि शरण आलेले ४ सैनिक. बाबा म्हणाले, "त्याच दिवशी?" आणि मोस्तारपर्यंत काही बोलले नाहीत.

मोस्तारबद्दल सगळे लिहितात, मी नाही लिहीत. पूल सुंदर आहे, नोव्हेंबर १९९३ मध्ये पाडला, २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, दगड गुळगुळीत आहेत, चपला घालून घसराल.

आयवारची बाटली चेक-इन बॅगेत बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून खेडला पोचली. पुरवून पुरवून खाल्ली म्हणे, भाकरीबरोबर. मागच्या रविवारी फोनवर विचारत होते, ती तुझी ऑफिसातली डिसेंबरात गावी जाणार आहे ना. हो म्हटलं, का? तर म्हणाले बाटली धुऊन ठेवलीय, पण रिकामी कशी द्यायची, आमसुलं घालतो, त्या आजीला कशी करायची ते तू जर्मनमध्ये लिहून दे, तो वरचा काका वाचून दाखवेल.